गाडीचं तेल तपासून निवडा

रेडी हे वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला ते वसलं आहे. गावाला समुद्र आहे, बंदर आहे, यशवंतगड आहे. गावात लोहखनिजाच्या खाणी आहेत. पलीकडे तेरेखोल, म्हणजे गोव्याची हद्द. १९७६ साली इथे गणपतीची मोठी मूर्ती सापडली. तेव्हापासून लांबलांबची माणसं दर्शनाला येतात.

माणसं आली की गाड्या आल्या. माल वाहायचा म्हटलं की गाड्या आल्या. खनिजाचे टिपर, मासळीचे टेम्पो, रिक्षा, टॅक्स्या. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली. तिकडेही भाडं असतं. समुद्रात जावं तर होडीलाही इंजिन. म्हणजे कितीतरी घरांची चूल आज इंजिनावर पेटते.

बैल आजारी पडला तर आपल्याला कळतं. तो वैरण खात नाही, रवंथ करत नाही. इंजिनाचं तसं नाही. ते आतून झिजत असतं आणि बाहेरून मात्र नीट चालत असतं. मग एके दिवशी ते धूर ओकतं किंवा जाम होतं. इंजिन उघडावं लागतं. गाडी गॅरेजात पडून राहते. भाडं बंद होतं. पण कर्जाचा हप्ता काही बंद होत नाही.

असं होऊ नये म्हणून इंजिनात चांगलं तेल घालावं, हे सगळ्यांना पटतं. पण चांगलं तेल कोणतं? दुकानदार एक सांगतो, मिस्त्री दुसरं सांगतो. शेजारी म्हणतो, "महागातलं घाल, डोळे मिटून!" यात खरं काय, हे ओळखायची एक शास्त्रीय रीत आहे. ती आपण या धड्यात समजून घेऊ.

१. तेल काय काम करतं?

इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकाला खात नाही. हे तेलाचं पहिलं काम.

तेलाला आणखीही कामं असतात. ते आतली उष्णता वाहून नेतं. आतली काजळी आणि मळ धुऊन स्वतःत धरून ठेवतं. इंधन जळताना थोडं आम्ल तयार होतं, ते आम्ल तेल मारून टाकतं. धातूला गंज चढू देत नाही.

ही सगळी कामं नुसत्या तेलाने होत नाहीत. कारखान्यात तेलात औषधी द्रव्यं मिसळलेली असतात. गाडी चालते तशी ती द्रव्यं खर्च होतात. म्हणून ठरावीक अंतरानंतर तेल बदलावं लागतं.

२. तेल काळं झालं म्हणजे वाईट झालं का?

आपल्याकडे गॅरेजात असं बोलणं नेहमी ऐकू येतं.

"मेस्त्री, आठ दिवसांत तेल काळा झाला. ह्या कंपनीचा तेल वायट!"

"अरे बाबा, डिझेलची गाडी ही. तेल काळा झाला म्हणजे ता आपला काम करता."

मिस्त्रीचं म्हणणं बरोबर आहे. डिझेल जळलं की काजळी होते. चांगलं तेल ती काजळी स्वतःत घेतं, म्हणून काळं दिसतं. काजळी तेलात राहिली तर ती तेल बदलताना बाहेर जाते. तेलाने ती घेतली नाही, तर ती इंजिनातच थापून बसते. तेव्हा डिझेल गाडीचं तेल काळं झालं, एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही.

उलटही खरं आहे. दिसायला स्वच्छ तेलात बारीक धूळ असू शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, पण इंजिन खाते. म्हणतात ना, दिसतं तसं नसतं.

३. माणसाचं रक्त, इंजिनाचं तेल

माणसाला बरं नसलं की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. रक्त सगळ्या अंगातून फिरतं. म्हणून अंगात कुठे काय बिघडलं, त्याची खूण रक्तात सापडते.

तेलही सगळ्या इंजिनातून फिरतं. जिथे झीज होते, तिथला धातूचा बारीक कण ते घेऊन येतं. धूळ शिरली, पाणी शिरलं, डिझेल शिरलं, तर तेही तेलात सापडतं. म्हणून जुनं तेल फेकण्याआधी त्याला विचारावं, "बाबा रे, आत काय चाललंय?" या विचारण्यालाच तेलाची तपासणी म्हणतात.

ही रीत रेल्वेने पुढे आणली. १९४० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या रेल्वेगाड्यांना डिझेल इंजिनं लागली. तिथे इंजिनाच्या तेलाचे नमुने तपासू लागले. आपल्या भारतीय रेल्वेनेही डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये अशा प्रयोगशाळा ठेवल्या. रेल्वेच्या इंजिनात शेकडो लिटर तेल असतं. ते उगाच बदलणं परवडत नाही आणि इंजिन बिघडू देणं तर त्याहून परवडत नाही. म्हणून तपासून ठरवायचं. १९९८ साली आपली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. २०२२ साली सगळ्या मार्गावर विजेच्या तारा पूर्ण झाल्या. त्याआधी सावंतवाडीवरून जाणाऱ्या गाड्या डिझेल इंजिनंच ओढत होती.

जे रेल्वेच्या मोठ्या इंजिनाला लागू, तेच आपल्या लहान गाडीलाही लागू आहे.

४. प्रयोगशाळेत काय करतात?

चुलीवर भात उतू गेला आणि मिठाचं पाणी जाळावर पडलं, तर ज्योत पिवळी होते. गॅसच्या निळ्या ज्योतीवर हे छान दिसतं. मिठात सोडियम असतं, त्याचा तो रंग. तांबं जाळात धरलं तर हिरवी झाक दिसते. प्रत्येक मूळ पदार्थाचा प्रकाश असा वेगळा असतो.

प्रयोगशाळेतलं यंत्र हेच करतं. तेलाचा थेंब फार मोठ्या उष्णतेत जाळतं. निघालेला प्रकाश मोजतं. त्यावरून तेलात लोखंड किती, तांबं किती, धूळ किती, हे आकड्यांत सांगतं.

हे आकडे दहा लाख भागांत किती भाग, असे असतात. समजा, एक टन भाताच्या राशीत एक ग्रॅम खडे आहेत. म्हणजे दहा लाखात एक भाग. इतकं बारीक हे यंत्र पाहतं.

पण या यंत्राला एक मर्यादा आहे. त्याला फक्त अगदी बारीक कण दिसतात. धातूची मोठी चकती किंवा कपची त्याला दिसत नाही. म्हणून तेल काढताना चेंबरच्या नटावर आणि जुन्या फिल्टरमध्ये चकाकणारे तुकडे आहेत का, ते आपण स्वतः पाहावं. तुकडे दिसले तर अहवालाची वाट न पाहता मिस्त्रीला दाखवावं.

यंत्राशिवाय आणखी तपासण्या करतात. तेलाचा दाटपणा मोजतात. पाणी आणि डिझेल आहे का, ते पाहतात. आम्ल मारायची ताकद किती उरली, तेही पाहतात.

५. अहवाल कसा वाचावा?

अहवाल पाहून घाबरू नये. एकेक नाव घेऊन त्याचा अर्थ लावावा.

लोखंड: सिलिंडर, क्रँक, गिअर यांची झीज.

क्रोमियम: बऱ्याच इंजिनांच्या रिंगांवर याचा मुलामा असतो. म्हणजे रिंगांची झीज.

ॲल्युमिनियम: बहुधा पिस्टनची झीज.

तांबं, शिसं आणि कथील: बेअरिंगची झीज.

सिलिकॉन: बहुधा धूळ. वाळूत आणि मातीत सिलिकॉन असतं. मात्र इंजिन नवं असेल किंवा नुकतंच उघडून बसवलं असेल, तर गॅसकेटच्या लुकणातूनही ते येतं.

सोडियम: रेडिएटरमधल्या औषधी पाण्यातून किंवा समुद्राच्या पाण्यातून येतं. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ तेच आणि होडीच्या तेलात शिरणारं मीठही तेच.

कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस: हे आकडे मोठे असतात. ते पाहून दचकू नये. ही कंपनीनेच घातलेली औषधी द्रव्यं आहेत.

रेडीच्या माणसाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली माती तांबडी, जांभ्याची. त्यात लोखंड असतं, ॲल्युमिनियमही असतं. खाणीच्या रस्त्याची धूळ तर लोखंडाचीच. ही धूळ तेलात गेली, तरी लोखंडाचा आकडा वाढू शकतो. मग झीज झाली की नुसती धूळ शिरली, हे ओळखावं कसं? क्रोमियमकडे पाहावं. ते आपल्या मातीत फारच थोडं असतं. लोखंड आणि सिलिकॉन यांच्याबरोबर क्रोमियमही वाढलं, तर धूळ आत शिरली आणि तिने रिंगा खायला सुरुवात केली, असं समजावं.

६. एक उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

एका टेम्पोचं तेल ८,००० किलोमीटरनंतर तपासलं. अहवाल असा आला: लोखंड ६२, सिलिकॉन ४१, क्रोमियम ६. पाणी नाही. डिझेल नाही. दाटपणा ठीक.

मालक म्हणाला, "तेल बदलूया. दुप्पट किमतीचं घालूया."

मिस्त्री म्हणाला, "थांबा. सिलिकॉन बघा. आधी हवेची वाट बघू."

त्याने एअर फिल्टर काढला. फिल्टर बरा होता. पण फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला चीर पडली होती. हवा फिल्टरला चुकवून तिथूनच आत जात होती आणि तिच्याबरोबर तांबडी धूळ. नळी बदलली. क्लिप घट्ट केली. तेल मात्र तेच घातलं.

पुढच्या ८,००० किलोमीटरला पुन्हा तपासलं. लोखंड २४, सिलिकॉन ११, क्रोमियम २.

तेल तेच, कंपनी तीच, किंमतही तीच. इंजिनाची झीज मात्र पुष्कळ कमी झाली. मालकाने नुसतं महाग तेल घातलं असतं, तर काय झालं असतं? त्या तेलातही धूळ गेली असती. पैसे गेले असते आणि रिंगाही गेल्या असत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

या धड्याचं मुख्य सांगणं हेच आहे. तेल निवडण्याआधी इंजिनाचा रोग ओळखावा. पुष्कळदा दोष तेलात नसतोच.

पाण्याचं आणि डिझेलचंही असंच. तेल दुधी कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी आहे. हेड गॅसकेट पाहावं. होडीला समुद्राच्या पाण्याची वाट तपासावी. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं, तर आनंद मानू नये. तेल कधी आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असतं. डिझेलने तेल पातळ होतं आणि बेअरिंग उघडी पडते. अशा वेळी जाड तेल घालणं हा उपाय नव्हे. डिझेल कुठून येतं ते शोधणं, हा उपाय.

७. मग तेल कोणतं घ्यावं?

पहिली पायरी: गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढावं. त्यात तेलाचा क्रमांक आणि दर्जा दिलेला असतो. डब्यावर तो इंग्रजी अक्षरांत असतो. आपल्याला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

समजा, क्रमांक आहे १५डब्ल्यू-४०. यातला पहिला आकडा थंडीतला. इंजिन गार असताना तेल किती सहज वाहतं, हे तो सांगतो. दुसरा आकडा गरम इंजिनातला दाटपणा सांगतो. १०० अंश उष्णतेला ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ यांच्या दरम्यान असतो. ३० क्रमांकाचा ९.३ ते १२.५ यांच्या दरम्यान असतो. अहवालात हा आकडा पाहावा. ४० क्रमांकाचं तेल १२.५ च्या खाली उतरलं, तर ते पातळ झालं म्हणून ओळखावं.

"जाड तेल म्हणजे चांगलं तेल" ही समजूत सोडून द्यावी. ज्या इंजिनाला पातळ तेल सांगितलं आहे, त्याच्या वाटा अरुंद असतात. जाड तेल तिथे वेळेवर पोचत नाही.

दुसरी पायरी: गाडी कधीची आहे, ते पाहावं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ च्या नव्या गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राखेचं तेल लागतं. जुन्या गाडीचं तेल तिच्यात घातलं, तर ती गाळणी हळूहळू तुंबते आणि ती फार महाग असते. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर पुस्तकातलं तेल आणि पुस्तकातलं अंतर, दोन्ही पाळावी.

तिसरी पायरी: आता तपासणीचा उपयोग. पुस्तकात बसणारी तेलं दुकानात अनेक असतात. त्यातलं एक घ्यावं. ठरलेल्या अंतराने बदलावं आणि तपासावं. असं दोन-तीन वेळा करावं. एका अहवालावरून निकाल देऊ नये. ताप एकदा मोजून रोग कळत नाही, तसंच हे.

मग अहवालावरून असं ठरवावं:

धूळ, पाणी, डिझेल यांपैकी काही सापडलं, तर आधी गाडी दुरुस्त करावी. तेल बदलून पाहू नये.

हे काही सापडलं नाही, झीज कमी आहे, दाटपणा ठीक आहे, आम्ल मारायची ताकद उरली आहे, तर तेल आपल्या गाडीला मानवलं. ते सोडायचं कारण नाही. महाग तेलावर पैसे घालायचीही गरज नाही.

धूळ-पाणी नाही, पण ताकद संपत आली आहे आणि झीज वाढते आहे, तर तेल लवकर बदलावं. नाहीतर त्याच क्रमांकाचं वरच्या दर्जाचं तेल घ्यावं आणि पुन्हा तपासावं.

दोन तेलांची तुलना करायची, तर बाकी सगळं सारखं हवं. तीच गाडी, तेच अंतर, साधारण तोच भार, तोच रस्ता. एक तेल पावसाळ्यात आणि दुसरं उन्हाळ्यातल्या धुळीत वापरलं, तर ती तुलना खोटी ठरते. आकड्यांत दोन-चारचा फरक पडला, तर तो फरक समजू नये.

चौथी पायरी: तेल बंद डब्यातलं, पावती घेऊन घ्यावं. रिकाम्या डब्याला भोक पाडावं. नाहीतर कुणीतरी त्यात बनावट तेल भरून विकतो.

८. नमुना कसा घ्यावा?

नमुना चुकला, तर अहवालही चुकतो. म्हणून हे नीट करावं.

गाडी चालवून तेल गरम करावं. इंजिन बंद करून लगेच नमुना घ्यावा. चेंबरचा नट काढला की पहिलं थोडं तेल जाऊ द्यावं, कारण त्यात तळाचा गाळ असतो. मधल्या धारेखाली बाटली धरावी. तेल गरम असतं, हात भाजतात, तेव्हा जपून. बाटली कोरडी आणि स्वच्छ असावी. शक्यतो प्रयोगशाळेने दिलेलीच वापरावी. साधारण १०० मिलिलिटर तेल पुरतं.

बाटलीवर चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर लिहावं: तारीख, गाडी कोणती, गाडी एकूण किती चालली, हे तेल किती किलोमीटर चाललं, तेलाचं नाव आणि क्रमांक, मध्ये किती तेल वर घातलं. आता आपल्याला लिहिता येतं, तेव्हा ही चिठ्ठी आपल्याच हाताने लिहावी. घरी एका वहीतही हेच लिहून ठेवावं. ही वही म्हणजे इंजिनाची पत्रिका.

एकदा नव्या तेलाचाही नमुना पाठवावा. म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे कळतं.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. काही तेल कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकांना तपासणी करून देतात. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-दहा गाडीवाल्यांनी मिळून विचारावं. दर आधी विचारून घ्यावा. एकाच गाडीवाल्याला दर वेळी खर्च जड वाटला, तर वर्षातून एकदा तरी तपासावं. गाडी जुनी विकत घेताना तर जरूर तपासावं.

९. जुनं तेल कुठे टाकावं?

काढलेलं तेल खाडीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाण्यावर पसरतं आणि मासळीला बाधतं. चुलीत जाळू नये. जखमेवर लावू नये. २०१६ सालच्या सरकारी नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवावं आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याकडेच द्यावं.

लक्षात ठेवा

डिझेल गाडीचं तेल काळं झालं, एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही.
सिलिकॉन वाढलं, तर हवेची वाट तपासा.
पट्टीवर तेल वाढलं, तर मिस्त्रीला गाठा.
आधी पुस्तक, मग अहवाल, मग दुकान.
आधी रोग ओळखा, मग तेल निवडा.

प्रश्न

१. इंजिनात तेल कोणकोणती कामं करतं?
२. रेडीच्या गाडीच्या तेलात लोखंड जास्त सापडलं, तर क्रोमियमकडे का पाहावं?
३. उदाहरणातल्या टेम्पोची झीज तेल न बदलता कशी कमी झाली?
४. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या पुस्तकात तेलाचा कोणता क्रमांक दिला आहे? तो शोधून वहीत लिहा.
५. नमुन्याच्या बाटलीवर लावायची चिठ्ठी स्वतः लिहून पाहा.